तिमाही निकालातली लेखाधोरणे आणि नवी मानके : नाशिकच्या अकाउंट्स विभागात नव्याने आलेल्यांसाठी

शेअर बाजारात नोंदलेल्या कुठल्याही कंपनीचा तिमाही निकाल उघडा. आकड्यांच्या तक्त्याखाली टिपा असतात आणि मोजमापाची सगळी बाजू एका छोट्या विधानावर उभी असते: गेल्या वार्षिक हिशेबात वापरलेलीच लेखाधोरणे या तिमाहीतही वापरली आहेत. निकालात ते लिहिलेले असो वा नियमानुसार गृहीत धरलेले, वाचणारा त्यावरून पुढे निघून जातो, आणि कचेरीत ते मागच्या फाइलमधून उचलून ठेवले जाते. पण ते विधान खरे आहे की नाही हे तपासण्याचे काम कुणीतरी केलेले असायला हवे. अकाउंट्स विभागात नव्याने आलेल्या माणसाने तिमाहीत शिकण्यासारखे सर्वांत मोलाचे काम हेच आहे, असे माझे ठाम मत आहे. ट्रायल बॅलन्सवरून तक्ता भरणे आठवड्याभरात जमते. तो तक्ता मागच्या तक्त्याशी प्रामाणिकपणे तुलना करण्याजोगा ठेवणे हे खरे कौशल्य.

अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे किंवा दिंडोरीच्या कंपनीत तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, किंवा शहरातल्या एखाद्या सीए फर्ममध्ये आर्टिकल म्हणून लागला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. डेबिट-क्रेडिट येते आणि एखादा वार्षिक ताळेबंद नीट वाचलेला आहे, एवढे गृहीत धरले आहे.

पहिले काम : आपल्याला काय लागू आहे ते बघा

दोन वेगळे नियम एकत्र चालतात. कधी आणि कोणत्या नमुन्यात जाहीर करायचे हे सेबीच्या २०१५ च्या लिस्टिंग नियमावलीतले कलम ३३ सांगते. आकडा कसा मोजायचा हे इंड एएस ३४, म्हणजे भारतीय लेखामानकांतले (इंड एएस) अंतरिम, वर्षाच्या मधल्या काळाच्या अहवालाचे मानक, सांगते. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल द्यायचा, आणि वर्षअखेरचा ऑडिट झालेला निकाल ६० दिवसांत. म्हणजे जूनची शेवटची तारीख १४ ऑगस्ट, सप्टेंबरची १४ नोव्हेंबर, डिसेंबरची १४ फेब्रुवारी आणि मार्चची ३० मे. या चार तारखा टेबलासमोर लावून ठेवा, घरच्या लग्नकार्यांच्या तारखा त्यांच्याशी ताडून बघा.

तक्त्यात चालू तिमाही, मागची तिमाही, गेल्या वर्षीची हीच तिमाही, वर्षाच्या सुरुवातीपासूनचे आकडे आणि मागचे पूर्ण वर्ष असे रकाने असतात. सप्टेंबरच्या निकालासोबत ताळेबंद आणि रोकड प्रवाहाचा तक्ताही द्यावा लागतो. उपकंपन्या असतील तर एकत्रित निकाल वेगळा.

सेबीच्या नमुन्यातला निकाल म्हणजे इंड एएस ३४ चा पूर्ण अहवाल नव्हे. नोंद आणि मोजमापाची तत्त्वे त्या मानकाची पाळायची असतात, पण मानकात सांगितलेली सगळी माहिती त्या दोन-तीन पानांत येत नाही. कंपनी एसएमई मंचावर, म्हणजे शेअर बाजाराच्या लहान-मध्यम कंपन्यांसाठीच्या विभागात, नोंदलेली असेल तर इंड एएस बंधनकारक नसते, तिथे जुनी लेखामानके चालतात आणि अंतरिम अहवालासाठी एएस २५ बघायचे. नाशिकमध्ये अशा कंपन्यांची कामे करणाऱ्या फर्म पुष्कळ आहेत, तेव्हा फाइल हातात आली की आधी हे विचारून घ्या.

दुसरे काम : धोरणांची वही

गेल्या वर्षाचा वार्षिक अहवाल घ्या आणि लेखाधोरणांच्या टिपेतले प्रत्येक धोरण एका एक्सेल शीटमध्ये वेगळ्या ओळीत उतरवा. पुढे चार रकाने करा: अहवालातले शब्द काय, प्रत्यक्षात गणित कसे होते, ते कोणत्या फाइलमध्ये होते आणि कोण करतो. चौथा रकाना भरायला तुम्हाला स्टोअर्स, कॉस्टिंग, पेरोल अशा सगळ्यांकडे जावे लागेल. ते जाणे हाच या कामाचा निम्मा फायदा.

अहवालात लिहिलेले असते, कच्चा माल वेटेड ॲव्हरेजने (भारित सरासरी दराने) मोजतो. ईआरपीमध्ये (कंपनीच्या संगणक प्रणालीत) बघितले तर मुख्य कारखान्याचा माल त्या पद्धतीने निघतो, पण दोन वर्षांपूर्वी जोडलेल्या दुसऱ्या युनिटचा शेवटच्या खरेदीच्या दराने. वर्षअखेरीला कुणीतरी हाताने फरक काढून दुरुस्ती करतो, तिमाहीला करत नाही. इथे धोरण बदललेले नाही, पण तिमाहीत ते पाळलेही गेलेले नाही. वही असेल तरच असे काही सापडते.

१ एप्रिल २०२३ पासून इंड एएस १ मध्ये एक बदल झाला. 'सिग्निफिकंट' धोरणांऐवजी आता 'मटेरियल' धोरणविषयक माहिती द्यायची असते. त्यामुळे अनेक कंपन्यांच्या अहवालातली धोरणांची टीप आखूड झाली आहे, आणि ते वाचकाच्या दृष्टीने चांगलेच आहे. मात्र तुमची वही आखूड होता कामा नये. छापले नाही म्हणून धोरण नाहीसे होत नाही.

तिसरे काम : तिमाही मोजायची कशी

इंड एएस ३४ चा गाभा असा: वर्षात किती वेळा निकाल जाहीर करता यावरून वर्षाचा आकडा बदलता कामा नये. म्हणून मोजणी वर्षाच्या सुरुवातीपासून आजपर्यंतची करायची. एखादी रक्कम पुढे ढकलावी किंवा आधीच धरावी असा मोह झाला तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: आज ३१ मार्च असता तर ही नोंद टिकली असती का? नसती टिकली तर जूनमध्येही टिकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कारखाना बंद ठेवून मोठी देखभाल करायची ठरलेली असते, खर्चाचा अंदाज मंजूर असतो. प्लँट हेड म्हणतात, "दर तिमाहीला थोडा थोडा खर्च धरा ना, एकदम डिसेंबरमध्ये बोजा नको." तसे करता येत नाही. खर्च करायचा बेत आहे म्हणजे देणे निर्माण झाले असे नाही. देखभाल ज्या तिमाहीत होईल तिथेच तो खर्च येईल.

सिंहस्थामुळे हा मुद्दा नाशिकच्या हॉटेल आणि प्रवासी व्यवसायात पुढचे वर्ष-दीड वर्ष पदोपदी येणार आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि अमृतस्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. गर्दी येणार हे नक्की असले तरी महसूल आधी धरता येत नाही. आगाऊ बुकिंगचे पैसे पाहुणा राहून जाईपर्यंत देणे म्हणूनच ताळेबंदात राहतात. खोल्यांची डागडुजी कुंभासाठी केली, म्हणून तिचा खर्च कुंभाच्या तिमाहीपर्यंत रोखून धरता येत नाही. भांडवली स्वरूपाचा असेल तर मालमत्ता, नसेल तर त्याच तिमाहीत खर्च. व्यवसाय हंगामी असल्याचे टिपेत स्पष्ट लिहावे. फार हंगामी व्यवसायाने गेल्या बारा महिन्यांचे आकडेही द्यावेत असे मानक सुचवते, आणि सप्टेंबर २०२७ च्या तिमाहीत तर वाचणाऱ्याला त्याचा खरोखर उपयोग होईल.

आता आयकर. नवखे इथेच सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून आकडे घेऊन बघू. तिमाहीचा कर त्या तिमाहीच्या नफ्यावर सुटा काढायचा नसतो. पूर्ण वर्षाचा अपेक्षित सरासरी परिणामी दर काढून तो आजवरच्या नफ्याला लावायचा असतो.

समजा वर्षभराचा करपूर्व नफा ४,००० लाख अपेक्षित आहे. सीएसआरसारखा (सामाजिक जबाबदारीवरचा), करात वजावट न मिळणारा खर्च वर्षात २०० लाख होईल. कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला आहे, अधिभार आणि उपकर धरून तो २५.१६८ टक्के होतो. वर्षाचा कर ४,२०० लाखांवर, म्हणजे १,०५७ लाख. परिणामी दर २६.४३ टक्के. जून तिमाहीचा नफा ६०० लाख असेल तर कर १५८.६ लाख. सीएसआरचे १५० लाख जूनमध्येच खर्च झाले म्हणून ७५० लाखांवर कर काढला तर १८८.८ लाख येईल आणि पहिल्या तिमाहीवर उगाच तीस लाखांचा भार पडेल.

सप्टेंबरला विक्री मंदावली आणि वर्षाचा अंदाज ३,००० लाखांवर आला. वजावट न मिळणारा खर्च तेवढाच. आता कर ३,२०० लाखांवर, म्हणजे ८०५ लाख, आणि दर २६.८५ टक्के. सहामाहीचा नफा १,१०० लाख असेल तर सहामाहीचा कर २९५.३ लाख. त्यातून जूनचे १५८.६ वजा केले की सप्टेंबर तिमाहीत १३६.७ लाख. जूनचा आकडा परत उघडायचा नाही. हे वर्किंग आणि त्यामागचा वर्षाचा अंदाज, दोन्ही फाइलला लावा. ऑडिटर पहिला प्रश्न त्या अंदाजावरच विचारतील, आणि तो अंदाज बोर्डापुढे ठेवलेल्या बजेटशी जुळायला हवा.

चौथे काम : आपल्या धंद्यातली नाजूक जागा शोधा

प्रत्येक कंपनीत एखाद-दुसरे धोरण असे असते की नफ्याची हालचाल तिथूनच होते. ते ओळखा आणि तिमाहीत सर्वाधिक वेळ तिथे घाला.

अंबड-सातपूरच्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत ही जागा बहुधा दरफरकाची असते. पोलादाचा भाव एप्रिलमध्ये वाढतो, वाहन कंपनी सुधारित पीओ (खरेदी आदेश) सप्टेंबरमध्ये काढते आणि त्यावर 'एप्रिलपासून लागू' असे लिहिते. जूनला काय धरायचे? इंड एएस ११५ या महसुलाच्या मानकाप्रमाणे ही बदलती किंमत आहे. पुढे मोठी रक्कम परत फिरवावी लागणार नाही अशी दाट शक्यता असेल, तेवढीच वाढ महसुलात घ्यायची. करारात निर्देशांकाला बांधलेले सूत्र असेल तर उत्तर सोपे. नुसती बोलणी चालू असतील तर मागच्या काही वर्षांत मागणीच्या किती टक्के मिळाले हे काढा आणि लिहून ठेवा. भाव उतरतो तेव्हाही हीच तत्परता हवी. ग्राहकाची डेबिट नोट अजून आलेली नाही म्हणून जूनचा महसूल पूर्ण ठेवणे चूक आहे. वाढ आली तर लगेच धरायची आणि घट आली तर कागदाची वाट बघायची, असे दोन न्याय एका कंपनीत चालता कामा नयेत. सप्टेंबरमध्ये पीओ आल्यावर जो फरक निघेल तो सप्टेंबर तिमाहीतच जाईल, आणि मोठा असेल तर टिपेत येईल.

त्याच कंपनीत ३० जूनच्या रात्रीचे गेट रजिस्टर बघा. साडेनऊला गाडी सुटलेली दिसते, इनव्हॉइस त्याच दिवसाचे, ई-वे बिल त्याच दिवसाचे. गाडी चाकणला पोहोचली १ जुलैच्या सकाळी आणि ग्राहकाचा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) २ जुलैचा. माल पोहोचल्यावर ताबा जातो असे करारात असेल तर ही विक्री जूनची नाही. विक्री मागे घेतली की तो माल साठ्यात परत धरायचा, तोही उत्पादन खर्चाने. ही दुसरी नोंद विसरली की नफा दोन्हीकडून चुकतो. वर्षअखेरीला ऑडिटर कट-ऑफ तपासतात म्हणून मार्चमध्ये हे सगळे काटेकोर होते. जूनमध्येही धोरण तेच आहे, त्यामुळे शेवटच्या तीन दिवसांच्या डिस्पॅचची पोहोच गोळा करायची सवय पहिल्या तिमाहीपासूनच लावा.

द्राक्ष आणि वाइनच्या कंपनीत काम वेगळे. स्वतःची बाग असेल तर वेल हा 'बेअरर प्लांट' म्हणून इंड एएस १६ खाली जातो, यंत्रासारखाच घसारा. वेलीवर वाढणारी द्राक्षे मात्र इंड एएस ४१ खाली जैविक मालमत्ता. आता आपल्याकडचे बागेचे वेळापत्रक तिमाहीवर बसवून बघा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा ३० जूनला वेलीवर काड्या आहेत, फळ नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणून ३१ डिसेंबरला मणी धरलेले आहेत आणि त्यांचे मोल ठरवावे लागते. जानेवारी ते मार्च तोडणी. तोडणीच्या क्षणीचे वाजवी मूल्य, विक्रीखर्च वजा जाता, हाच पुढे वाइनसाठी कच्च्या मालाचा खर्च बनतो आणि तिथून साठ्याचे मानक, इंड एएस २, सुरू होते. म्हणजे एकाच पिकासाठी तिमाहीगणिक वेगळे मानक पुढे येते. डिसेंबरच्या मूल्यासाठी कोणता दर घेतला, उत्पादनाचा अंदाज कुणी दिला, हे बागेच्या व्यवस्थापकाकडून लेखी घ्या. फोनवर "अहो, यंदा माल बरा आहे" एवढ्यावर वर्किंग उभे राहत नाही.

शेतमालाच्या साठ्याबद्दल एक गोष्ट नाशिककरांना वेगळी सांगायला नको. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातबंदीची अधिसूचना काढली आणि लासलगावचे भाव कोसळले. ज्या कंपनीकडे त्या महिनाअखेरीला कांदा पडून होता, तिला ३१ डिसेंबरला साठा निव्वळ वसुली मूल्यावर (विक्रीतून खर्च वजा जाता हाती येईल त्या रकमेवर) आणावाच लागणार होता. भाव पुन्हा चढतील, मार्चला बघू, हे कारण चालत नाही. पुढच्या तिमाहीत भाव खरेच सुधारले तर घट उलटवता येते. गुडविलच्या (दुसरा व्यवसाय घेताना त्याच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या रकमेच्या) बाबतीत मात्र तशी मुभा नाही. अंतरिम तिमाहीत गुडविल घटवले की ते त्या वर्षात किंवा पुढेही उलटवता येत नाही.

पाचवे काम : बदल झाला असेल तर तो कोणता ते ओळखा

बदल तीन प्रकारचे. धोरणातला बदल मागील काळापासून लागू होतो. चालू वर्षाच्या आधीच्या तिमाह्या आणि गेल्या वर्षीच्या तुलनेच्या तिमाह्या नव्या धोरणाने पुन्हा मांडाव्या लागतात. साठ्याची पद्धत फिफोवरून (आधी आलेला माल आधी गेला असे धरण्यावरून) वेटेड ॲव्हरेजवर नेली तर हे करावे लागते. डिसेंबरमध्ये निर्णय झाला म्हणून एप्रिल ते सप्टेंबर जुन्या पद्धतीने आणि पुढे नव्या पद्धतीने, असे एकाच वर्षाचे दोन तुकडे मानकाला मान्य नाहीत. अंदाजातला बदल पुढच्या काळालाच लागतो: यंत्राचे आयुष्य दहाऐवजी बारा वर्षे धरले किंवा घसाऱ्याची पद्धत बदलली, तर मागचे आकडे तसेच राहतात. तिसरी म्हणजे चूक. ती मागे जाऊनच सुधारायची.

कुठलाही बदल तुमच्यापुढे आला की विचारा: त्या वेळी हाताशी असलेली माहिती आपण नीट वापरली होती का? वापरली होती आणि आता नवी माहिती आली, तर अंदाज बदलला. माहिती समोर होती आणि वापरलीच नाही, तर ती चूक. चुकीला अंदाजातला बदल म्हणून टिपेत बसवण्याचा आग्रह तुमच्यावर कधीतरी होईल. त्या दिवशी तुमच्या वहीतली तारखेची नोंद उपयोगी पडते.

रक्कम मोठी की लहान हे ठरवताना तिमाहीचे आकडे समोर ठेवा. वर्षाच्या नफ्यापुढे किरकोळ वाटणारी रक्कम तिमाहीच्या नफ्याचा चौथा हिस्सा असू शकते.

सहावे काम : नवे मानक आले का?

भारतात इंड एएसमधले बदल कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या अधिसूचनेने येतात. आयसीएआयचे (सनदी लेखापालांच्या संस्थेचे) मसुदे आणि आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाची घोषणा ही आगाऊ सूचना समजा, पण लागू होते ते राजपत्रातल्या अधिसूचनेनेच. म्हणून प्रत्येक तिमाहीच्या पहिल्या आठवड्यात मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या अधिसूचना बघणे तुमच्या यादीत हवे, आणि निकाल बोर्डापुढे जाण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा.

दुसऱ्यांदा का, ते २०२५ च्या उदाहरणावरून कळेल. १३ ऑगस्ट २०२५ ला दुरुस्ती नियमांची अधिसूचना निघाली आणि ती १ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेल्या वर्षाला लागू होती. जून तिमाहीची शेवटची तारीख होती १४ ऑगस्ट. बहुतेक कंपन्यांचे निकाल तोवर जाहीरही झाले होते, त्यामुळे प्रत्यक्षात हे काम सप्टेंबर तिमाहीवर आले. त्या दुरुस्तीत कर्जाच्या वर्गीकरणाचा विषय होता. कर्ज चालू देण्यात दाखवायचे की दीर्घ मुदतीच्या, हे ठरवताना ताळेबंदाच्या तारखेपर्यंत पाळायच्या अटी पाळल्या का हे बघायचे. त्यानंतरच्या तारखेला तपासल्या जाणाऱ्या अटींमुळे वर्गीकरण बदलत नाही, पण त्यांची माहिती द्यावी लागते. सप्टेंबरला ताळेबंद छापावा लागत असल्याने बँकेचे सँक्शन लेटर काढून प्रत्येक अटीसमोर ३० सप्टेंबरचे गुणोत्तर लिहिणे हे नव्या माणसासाठी उत्तम काम आहे. पुरवठादार वित्तव्यवस्थेची माहिती आणि जागतिक किमान कराशी संबंधित तरतूदही त्याच अधिसूचनेत आली. टीआरईडीएस (बिले वटवण्याचा ऑनलाइन मंच) किंवा बँकेमार्फत पुरवठादारांची बिले वटवत असाल, तर पुरवठादार वित्तव्यवस्थेची तरतूद वाचून ठेवा.

मानक न बदलताही कायदा बदलून तिमाही हलते. २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता लागू झाल्या. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. त्यामुळे ज्या कारखान्यांत मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त होते, तिथे ग्रॅच्युइटीचे देणे वाढले. ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगारालाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. मागच्या सेवेपोटी वाढलेले हे देणे इंड एएस १९ प्रमाणे लगेच नफा-तोट्यात घ्यायचे असते, पुढच्या वर्षांत पसरवता येत नाही. म्हणून अनेक कंपन्यांच्या डिसेंबर २०२५ च्या निकालात हा बोजा वेगळा दाखवलेला दिसतो. एरवी तिमाहीला गेल्या वर्षअखेरीच्या ॲक्च्युअरीच्या (अशा देण्यांचे गणित करणाऱ्या तज्ज्ञाच्या) अहवालातल्या दरावर ग्रॅच्युइटी धरली तर चालते. असा एकवेळचा बदल झाला की ॲक्च्युअरीकडे परत जावेच लागते. त्यांना पेरोलचा डेटा द्यायला वेळ लागतो, तेव्हा एचआरला तिमाही संपण्याआधीच कळवा.

पुढचा मोठा बदल दिसतो आहे तो नफा-तोटा पत्रकाच्या मांडणीत. आयएफआरएस १८ हे आंतरराष्ट्रीय मानक एप्रिल २०२४ मध्ये आले, आंतरराष्ट्रीय पातळीवर ते १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू आहे आणि त्यावर बेतलेल्या इंड एएस ११८ चा मसुदा आयसीएआयने मांडला आहे. उत्पन्न-खर्च व्यवहारी, गुंतवणूक आणि वित्त अशा गटांत विभागायचे, 'ऑपरेटिंग प्रॉफिट' ही बेरीज सक्तीची, आणि व्यवस्थापनाने स्वतः ठरवून जाहीर केलेल्या 'ॲडजस्टेड' नफ्यासारख्या मापांचा ताळा हिशेबाच्या टिपेत, अंतरिम अहवालातसुद्धा. आजच करण्यासारखे काम म्हणजे चार्ट ऑफ अकाउंट्समधल्या 'इतर उत्पन्न' या खात्याची फोड. भंगार विक्री, बँक ठेवीवरचे व्याज, विनिमय दरातला फरक, शासकीय प्रोत्साहन अनुदान, हे सगळे आज एका ओळीत पडते. पुढे ते वेगवेगळ्या गटांत जाईल आणि मागच्या वर्षाचे आकडेही तसेच मांडावे लागतील.

सातवे काम : टीप आणि लिमिटेड रिव्ह्यू

आता सुरुवातीच्या त्या विधानाकडे. वहीतल्या प्रत्येक धोरणासमोर 'पाळले', 'बदलले' किंवा 'लागू नाही' अशी खूण, खूण करणाऱ्याची सही आणि तारीख झाली की मगच ते कायम करा. बदल झाला असेल तर त्याचे स्वरूप आणि परिणामाची रक्कम टिपेत लिहा. 'परिणाम मोठा नाही' असे लिहायचे असेल तर ते सिद्ध करणारा आकडा फाइलमध्ये हवा. नवे मानक लागू झाले पण आपल्याला परिणाम नाही, यालाही एका पानाचे कारण लागते.

ऑडिटर एसआरई २४१० या रिव्ह्यूच्या मानकाप्रमाणे लिमिटेड रिव्ह्यू (मर्यादित तपासणी) करतात. ते ऑडिट नव्हे. मुख्य भर चौकशी आणि विश्लेषणावर असतो, आणि निष्कर्ष 'आमच्या लक्षात असे काही आले नाही' या स्वरूपाचा. त्यामुळे चुका सापडण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकून मोकळे होता येत नाही. त्यांना धोरणांची वही, कराचे वर्किंग, अंदाजांतल्या बदलांची यादी आणि मोठ्या फरकांची कारणे पहिल्याच दिवशी द्या. फरकाचे कारण 'विक्री वाढली' असे लिहू नका, कुठल्या ग्राहकाकडून आणि किती नग हे लिहा.

या काळात एक पथ्य कडकडीत पाळा. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास होईपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते. आकडे ज्यांच्या हाताखालून जातात त्यांनी आणि जवळच्या नातलगांनी कंपनीचे शेअर घ्यायचे-विकायचे नसतात. आकडा घरी, मित्रांच्या ग्रुपवर किंवा कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर बोलायचा नसतो. आर्टिकल असलात तरीही.

मार्चची गोष्ट वेगळी

चौथ्या तिमाहीचा आकडा स्वतंत्र मोजलेला नसतो. ऑडिट झालेल्या पूर्ण वर्षातून डिसेंबरपर्यंतचे जाहीर आकडे वजा करून जो उरतो तो मार्च तिमाहीचा. निकालाखाली तसे लिहिलेलेही असते. म्हणून वर्षभरात जे जे हलगर्जीपणे मोजले गेले ते सगळे या एका रकान्यात गोळा होते: न धरलेला दरफरक, दुसऱ्या युनिटचा साठा, चुकलेला कर. एप्रिलमध्ये ऑडिटच्या नोंदी येऊ लागल्या की प्रत्येक नोंदीसमोर ती खरे तर कोणत्या तिमाहीची होती ते लिहून ठेवा. ज्या धोरणासमोर तीच तिमाही पुन्हा पुन्हा येते, तिथून पुढच्या जूनचे काम सुरू करा.